जमिनीखालचे पाणी कुणाचे?



अक्कलकोट रोड एमआयडीसीत पाळी सुटायच्या वेळी कोणत्याही चहाच्या टपरीवर जरा उभे राहा. उन्हाळ्याच्या दिवसांत तिथे दोनच विषय असतात. एक मजुरीचा आणि दुसरा पाण्याचा. या दुसऱ्या विषयात अलीकडे एक नवी भर पडली आहे. "आता बोअरवरसुद्धा दिल्लीचे सरकार मीटर बसवणार", "विहिरीच्या पाण्याला टॅक्स लागणार", "घरच्या बोअरला परवाना काढावा लागणार" असे कुणीतरी खात्रीने सांगतो आणि ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. जून २०२५ मध्ये तर शेतकऱ्यांच्या भूजलावर केंद्र सरकार कर लावणार अशा बातम्याच पसरल्या. त्यावर केंद्राच्या जलशक्ती मंत्रालयाला खुलासा करावा लागला, की पाणी आणि शेती हे राज्यांचे विषय आहेत. खुलासा लहान अक्षरात छापला जातो आणि अफवा मोठ्या आवाजात फिरते. त्यामुळे भीती आहे तिथेच राहिली.

ही भीती घालणारे लोक एक वाक्य हमखास वापरतात : "माझ्या जमिनीखालचे पाणी माझे. सरकारचा त्यात काय संबंध?" वाक्य ऐकायला चांगले वाटते. घाम गाळून, कर्ज काढून ज्याने बोअर मारला त्याला तर ते पटकन पटते. म्हणूनच आपण कष्टकऱ्यांनी ते नीट तपासून पाहिले पाहिजे. मी कारकून माणूस आहे. एखादा कागद हातात आला की खाली सही कुणाची आणि फायदा कुणाचा, हे आधी बघायची सवय आहे. त्याच सवयीने या वाक्याकडे पाहू.

हा हक्क आला कुठून?

जमिनीखालच्या पाण्यावर जमीनमालकाचा हक्क ही कल्पना इंग्रजांच्या काळात कायद्यात लिहिली गेली. १८८२ चा सुविधाधिकार कायदा, म्हणजे कोर्टात ज्याला ईझमेंट ॲक्ट म्हणतात तो, १८९१ साली मुंबई इलाख्याला लागू झाला. आपला सोलापूर जिल्हा त्याच इलाख्यात होता. त्या कायद्याच्या सातव्या कलमात एक उदाहरण दिले आहे. आपल्या जमिनीखाली जे पाणी ठराविक प्रवाहातून वाहत नाही, ते आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि त्याचा विनियोग करण्याचा प्रत्येक जमीनमालकाला हक्क आहे, असा त्याचा अर्थ. आजही मालक लोकांचे वकील याच कलमावर बोट ठेवतात.

आता यातला शब्द पुन्हा वाचा : जमीनमालक. ज्याच्या नावावर सातबारा आहे, प्लॉट आहे, त्याला पाणी. ज्याच्या नावावर काहीच नाही, जो भाड्याच्या खोलीत राहतो, गायरानाच्या कडेला ज्याची झोपडी आहे, त्याला या कायद्याने जमिनीखालचा थेंबही दिलेला नाही. आपल्या आज्या-पणज्यांकडे जमीन किती होती, हे प्रत्येकाने आपल्या घरात विचारावे. म्हणजे पाण्याचा हा "खासगी हक्क" पिढ्यानपिढ्या कुणाच्या पदरात पडला आणि कुणाच्या नाही, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

शिवाय पाण्याला कुंपण कळत नाही. सोलापूरची जमीन काळ्या खडकाची. वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही लहरी. पाणी मुरते ते खडकाच्या भेगांत आणि वरच्या मुरमात. भेग माझ्या प्लॉटखालून तुमच्या प्लॉटखाली जाते. ज्याच्याकडे जास्त खोल जाणारी मशीन आणि जास्त ताकदीची मोटार, तो दोघांचेही पाणी ओढतो. तेव्हा "माझ्या जमिनीखालचे पाणी" असे म्हणणारा माणूस खरे पाहता शेजाऱ्याच्या जमिनीखालचेही पाणी काढत असतो, आणि कायदा त्याला विचारत नाही.

भिंतीपलीकडचा बोअर

आमच्या वस्तीला लागून एक कारखाना आहे. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका मालकाचा नाही. एमआयडीसीत टॉवेल आणि चादरीचे कारखाने आहेत, तसे सूत रंगवणारे डाईंगही आहेत. रंगाच्या कामाला पाणी लागते आणि ते भरपूर लागते. या कारखान्याने भिंतीच्या आत एक नवा खोल बोअर मारला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात भिंतीच्या बाहेरचा आमचा सार्वजनिक हापसा कोरडा पडला. बाया आधी पहाटे चारला रांग लावत होत्या, नंतर रात्री दोनला लावू लागल्या, आणि एक दिवस हापसा नुसता खडखड वाजू लागला.

विड्या वळणाऱ्या चार-पाच मावश्या कारखान्याच्या गेटवर गेल्या. म्हणाल्या, "दादा, पोरांपुरतं दोन-दोन घागरी तरी द्या." वॉचमन आपल्यातलाच गरीब माणूस. तो म्हणाला, "मावशी, माझ्या हातात काय हाय? मालकाच्या जागेतलं पाणी हाय. मालक म्हणतील तसं."

मालकाच्या जागेतले पाणी! हे शब्द आपल्या समाजाने पहिल्यांदा ऐकलेले नाहीत. ते महाडला ऐकले होते.

महाडचा दावा आठवा

२० मार्च १९२७ आपल्या सर्वांना पाठ आहे. चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले तो दिवस. पण त्यानंतर कोर्टात काय झाले, हे आपल्या पोरांना फारसे सांगितले जात नाही. आजच्या विषयासाठी तोच भाग महत्त्वाचा आहे.

सरकारी पैशाने बांधलेली किंवा सरकार, नगरपालिका चालवत असलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा ठराव रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात मांडला आणि तो ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे सरकारचा कागद होता, नगरपालिकेचाही कागद होता. तरी तीन वर्षे एकाही अस्पृश्याला तिथे घागर बुडवता आली नाही. कागद कपाटात होता आणि तळ्यावर दुसऱ्यांचा पहारा होता.

सत्याग्रहानंतर सनातन्यांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी दिवाणी दावा लावला. दाव्यात त्यांनी काय म्हणावे? तळे आमच्या मालकीचे आहे, ते वापरण्याचा हक्क फक्त आमचा आहे, आंबेडकर आणि त्यांच्या लोकांना तिथे जाण्याचा अधिकार नाही. शिवाशिवीच्या नावाने कोर्टात टिकाव लागणे कठीण, म्हणून त्यांनी खासगी मालकीची ढाल पुढे केली. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. २५ डिसेंबरला महाडला जमलेल्या हजारो लोकांना तळ्याला वळसा घालून परतावे लागले.

पुढे जवळजवळ सव्वानऊ वर्षे ही लढाई चालली. खालच्या कोर्टात, ठाण्याला अपिलात आणि शेवटी मुंबई हायकोर्टात. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने सनातन्यांचे अपील फेटाळले. तळे नगरपालिकेकडे आहे, आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादि काळापासूनची वहिवाट सिद्ध होत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, "खासगी हक्क" हा शब्द पाण्याच्या बाबतीत कुणाला बाहेर ठेवण्यासाठी वापरला जातो, ते आधी पाहावे. दुसरी गोष्टही तितकीच खरी. नुसत्या सरकारी ठरावाने पाणी मिळत नाही. ठराव होता १९२३ चा आणि ओंजळ भरली १९२७ ला, तीही लोक स्वतः चालत गेले तेव्हा.

मग केंद्र सरकारने हात घालावा काय?

आता दुसरी बाजू. आपल्या घटनेत पाणी हा राज्य सूचीतला विषय आहे, नोंद क्रमांक १७. आंतरराज्य नद्यांचे नियमन आणि विकास मात्र केंद्र सूचीत आहे, नोंद ५६. १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज हे विषय बाबासाहेबांकडेच होते. दामोदर खोऱ्याची योजना त्या काळातली. नदी एका प्रांताची नसते, म्हणून तिचा विचार वरून व्हावा, ही त्यांची भूमिका. पुढे १९४९ साली घटना समितीत आंतरराज्य पाणीतंट्याचे कलमही त्यांनीच मांडले. आजचे ते २६२ वे कलम.

पण विहीर आणि बोअर म्हणजे आंतरराज्य नदी नव्हे. केंद्र तिथे आले ते पर्यावरणाच्या दाराने. भूजल झपाट्याने खाली जात आहे, या प्रकरणी सुप्रीम कोर्टाने डिसेंबर १९९६ मध्ये आदेश दिला आणि जानेवारी १९९७ मध्ये १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्रीय भूजल प्राधिकरण स्थापन झाले. राज्याच्या विषयात दिल्ली मागच्या दाराने आली, अशी तक्रार काही लोक करतात. ती अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. दिल्लीत बसलेल्या अधिकाऱ्याला सोलापूरच्या खडकाची आणि इथल्या नळाची काय कल्पना? आणि परवान्याचे राज्य आले की काय होते, तेही आपण जाणतो. मोठा माणूस एजंट लावून ना हरकत प्रमाणपत्र काढतो आणि लहान माणूस खिडकीपुढे उभा राहून पाळी बुडवतो.

म्हणून नियमात काय लिहिले आहे ते नीट वाचू. केंद्रीय प्राधिकरणाचे नियम २४ सप्टेंबर २०२० रोजी निघाले. त्यात स्वतःच्या घरात पिण्यासाठी आणि घरकामासाठी पाणी काढणाऱ्या व्यक्तीला, खेड्यात असो की शहरात, ना हरकत प्रमाणपत्राची गरज नाही. शेतीला सूट आहे. ग्रामीण पाणीपुरवठा योजनांना सूट आहे. दिवसाला १० घनमीटरपेक्षा कमी पाणी काढणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांनाही सूट आहे.

१० घनमीटर म्हणजे किती? १० हजार लिटर. आपल्या घरी २०० लिटरचा निळा ड्रम असतो, तसे ५० ड्रम, आणि तेही रोज. तेवढे पाणी काढणाऱ्या छोट्या कारखान्यालाही परवान्याचा त्रास नाही. मग "घरच्या बोअरला परवाना" ही आरोळी कोण ठोकतो? ज्याला परवाना खरोखर लागतो तो. मोठे उद्योग, मोठ्या सोसायट्या आणि टँकरने पाणी विकणारे यांना तो लागतो. आपल्या घागरीच्या आडून हे लोक आपला टँकर वाचवू पाहतात. आपण घाबरून त्यांच्यामागे उभे राहिलो की त्यांचे काम झाले.

राज्याचा कायदाही आहे. १९९३ साली महाराष्ट्राने पिण्याच्या पाण्यासाठी भूजल कायदा केला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विनापरवानगी नवी विहीर घेता येणार नाही, हा त्यातला मोठा मुद्दा. पुढे २००९ चा भूजल (विकास व व्यवस्थापन) कायदा १ जून २०१४ पासून अमलात आला. त्यातही पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोताला संरक्षण आहे. ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फूट किंवा त्याहून खोल विहिरी शेती आणि उद्योगासाठी खोदण्यावर बंधन आहे, आणि विहीर या शब्दात बोअरही येतो. २०१८ साली याच्या नियमांचा मसुदा आला तेव्हा राज्यभरातून हरकती गेल्या. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हरकतीत तथ्य होते. त्याच्या एका विहिरीवर नोंदणी, पीक आराखडा आणि फेऱ्या लादणे म्हणजे मेलेल्याला मारणे. पण त्याच गर्दीत ५०० फूट खाली गेलेला बागायतदार आणि कारखानदारही शिरला, हे विसरू नये.

दुसऱ्या मुलखात काय झाले?

हा झगडा फक्त आपल्याकडचा नाही. केरळात पालघाट जिल्ह्यात प्लाचिमाडा नावाचे गाव आहे. तिथल्या कोकाकोलाच्या कारखान्यामुळे विहिरींचे पाणी आटले आणि खराब झाले, अशी तक्रार करीत आदिवासी बाया २००२ साली गेटसमोर बसल्या. मयिलम्मा ही त्यांची पुढारी. डिसेंबर २००३ मध्ये केरळ हायकोर्टाच्या एका न्यायाधीशांनी निकाल दिला की भूजल ही जनतेची संपत्ती असून सरकार तिचे विश्वस्त आहे. एप्रिल २००५ मध्ये त्याच कोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी उलट सांगितले, की जमीनमालक वाजवी प्रमाणात पाणी काढू शकतो, आणि कंपनीला दिवसाला ५ लाख लिटरची मुभा दिली. म्हणजे कोर्टातही हा प्रश्न दोन्हीकडे झुकतो. पण कारखाना मार्च २००४ मध्ये बंद पडला तो पुन्हा सुरू झाला नाही. कारण बाया उठल्या नाहीत.

अमेरिकेतही "केंद्र सरकारने आमच्या पाण्यात हात घालू नये" अशी जमीनमालकांची जुनी ओरड आहे. तिथे १९०८ साली एक खटला गाजला. मोंटाना राज्यात फोर्ट बेल्कनॅप येथे मूळ रहिवासी इंडियन लोकांना राखीव जमीन दिली होती. नदीच्या वरच्या अंगाला गोऱ्या वसाहतवाल्यांनी पाणी अडवले आणि पाण्यावर आपला हक्क सांगितला. तिथल्या केंद्र सरकारनेच त्यांच्यावर दावा केला आणि सुप्रीम कोर्ट म्हणाले, जमीन राखून ठेवली त्याच वेळी तिच्यासाठी लागणारे पाणीही राखले गेले. त्या वेळी केंद्राचा हात हा दुबळ्यांचा आधार ठरला. पण २०२३ साली नवाहो जमातीने, आम्हाला पाणी मिळवून देण्यासाठी केंद्राने पावले उचलावीत असे म्हटले तेव्हा त्याच कोर्टाने सांगितले, की सरकारवर तसे बंधन नाही. तेव्हा वरचे सरकार कायम आपले किंवा कायम परके, असे धरून चालत नाही. प्रत्येक वेळी कागद वाचावा लागतो.

आपण काय मागायचे?

माझे म्हणणे थोडक्यात असे. घागरीवर सरकारचा हात नको आणि टँकरवर तो हवाच. ज्या पाण्याने घरातली तहान भागते, स्वयंपाक होतो, पोराचे अंग धुतले जाते, त्या पाण्याला केंद्राने, राज्याने किंवा महापालिकेने परवाना, मीटर, कर असे काहीही लावू नये. पिण्याचे पाणी हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे कोर्टांनी अनेकदा मान्य केले आहे. हाच आपला खरा पाण्याचा हक्क. तो सातबाऱ्यावर अवलंबून नाही, म्हणून तो आपला आहे. पण जो जमिनीखालून उपसून विकतो किंवा त्यावर कारखाना चालवतो, त्याने मोजून काढावे, नोंद द्यावी, पैसे भरावेत आणि शेजारचा हापसा आटला तर थांबावे. त्याला "खासगी हक्क" म्हणून सोडून दिले तर भिंतीबाहेरच्या माणसाला त्याच्याकडूनच विकत पाणी घ्यावे लागते. आज अनेक वस्त्यांत तेच चालू आहे.

एमआयडीसी बंद पडावी असे कुणी म्हणत नाही. आपली चूल त्याच कारखान्यांवर पेटते. पण कामगार आत आठ-बारा तास राबतो आणि त्याची बायको बाहेर पाण्यासाठी रात्र जागते, हा हिशेब जुळत नाही. रंगाला वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरता येते. खर्च होतो, पण तो मालकाने करायचा असतो.

आमच्या वस्तीचे पुढे काय झाले, तेही सांगतो. आम्ही अर्ज लिहिला. हापसा सार्वजनिक आहे, तो बोअरपासून किती पावलांवर आहे, कोणत्या तारखेपासून कोरडा आहे, हे सगळे त्यात मांडले आणि खाली ६२ सह्या-अंगठे घेतले. संबंधित कार्यालयात तीन फेऱ्या झाल्या, तेव्हा कुठे माणूस पाहणीला आला. निकाल काही लागला नाही. पण पाहणी झाल्याचे पाहून मालकाने भिंतीबाहेर एक नळ काढून दिला. सकाळी दोन तास तो चालतो. हे उपकार आहेत, हक्क नाही, म्हणून अर्ज अजून मागे घेतलेला नाही.

प्रत्येक वस्तीत एवढे तरी व्हावे. आपला हापसा, सार्वजनिक बोअर महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नोंदीत आहे का, ते पाहा. नसेल तर आधी नोंद करून घ्या, कारण संरक्षण सार्वजनिक स्रोताला आहे. पाणी कधी आले, कधी आटले, याची तारीखवार वही ठेवा. शाळेत जाणाऱ्या पोरीला ते काम द्या, ती चोख करील. अर्ज लेखीच द्या आणि त्याची पोच घ्या. भूजलाचे काम पाहणारी राज्याची यंत्रणा म्हणजे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. तिचे जिल्ह्याचे कार्यालय असते, तिथे एक प्रत द्या. अर्जावर बायांच्या सह्या आधी घ्या, कारण पाण्याची रांग त्यांची आहे.

उजनी २०२४ च्या उन्हाळ्यात मायनसमध्ये खोलवर गेली होती. चार दिवसांआड, पाच दिवसांआड नळ, हा हिशेब सोलापूरच्या बायांना वर्षानुवर्षे पाठ आहे. नळ आटला की सगळे शहर जमिनीखालच्या पाण्यावर येते, आणि तेव्हा ते पाणी कुणाचे, हा प्रश्न गेटवरच्या वॉचमनला विचारावा लागतो. तो त्याला विचारण्याची वेळ येऊ नये. त्याचे उत्तर उन्हाळा लागण्याआधीच लेखी मागून ठेवा.

जयभीम.